विश्लेषण : एका देशातील बंदीने यूट्यूब जगभर कसे ठप्प झाले? आयपी पत्त्यांचे ‘सबनेटिंग’ म्हणजे काय?

पाकिस्तानला यूट्यूब फक्त आपल्या हद्दीत बंद करायचे होते. प्रत्यक्षात २४ फेब्रुवारी २००८ रोजी ते जगाच्या बऱ्याच भागात दोन तासांहून अधिक काळ दिसेनासे झाले. यूट्यूबचे सर्व्हर सुरू होते, समुद्राखालची केबल तुटली नव्हती आणि कोणा हॅकरने हल्लाही केला नव्हता. फरक होता तो पत्त्यामागच्या एका आकड्याचा. यूट्यूबने लिहिले होते २२, पाकिस्तानातून जाहीर झाले २४. एवढ्याशा फरकाने जगभरच्या राउटरांनी वाट का बदलली, हे समजण्यासाठी ‘सबनेटिंग’ आणि ‘रूट समरायझेशन’ समजून घ्यावे लागते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात, त्या या दोन गोष्टींवर रोजचे इंटरनेट चालते.

आयपी पत्ता म्हणजे नेमके काय?

इंटरनेटवर माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि ते जिथे पोहोचवायचे त्याचा पत्ता असतो. हाच आयपी पत्ता. अजूनही सर्रास वापरात असलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत तो ३२ बिटांचा असतो, म्हणजे शून्य आणि एक या अंकांची ३२ घरांची रांग. माणसाला ती वाचणे अवघड, म्हणून आठ-आठ बिटांचे चार गट करून ते दशमान आकड्यांत लिहितात. १९२.१६८.१.५ हा पत्ता त्यातलाच. प्रत्येक गटात ० ते २५५ यांपैकी एक संख्या येते. असे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात.

या पत्त्याचे दोन भाग असतात. डावीकडचा भाग नेटवर्क सांगतो, उजवीकडचा त्या नेटवर्कमधले यंत्र. सोसायटीचे नाव आणि फ्लॅटचा क्रमांक असतो, तसेच हे. मात्र सोसायटीचे नाव कुठे संपते आणि फ्लॅटचा क्रमांक कुठे सुरू होतो, हे नुसत्या पत्त्यावरून कळत नाही. ते सांगण्यासाठी पत्त्यानंतर तिरपी रेघ देऊन आकडा लिहितात. ‘/२४’ म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, उरलेले ८ बिट यंत्रांसाठी. आठ बिटांत २५६ पत्ते बसतात. हीच गोष्ट २५५.२५५.२५५.० अशीही लिहिली जाते आणि तिला ‘सबनेट मास्क’ म्हणतात.

स्लॅशनंतरचा आकडा एकाने वाढला, की पत्ते निम्मे होतात. /२२ मध्ये १,०२४ पत्ते, /२३ मध्ये ५१२, /२४ मध्ये २५६, /२५ मध्ये १२८, /२६ मध्ये ६४ आणि /२७ मध्ये ३२. थोडक्यात, आकडा मोठा तितका पत्त्यांचा गट लहान आणि नेमका. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यावर उभी आहे.

पिनकोडशी याचे साम्य कोणते?

देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची कल्पना मांडणारे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी आणि संस्कृतचे नामवंत कवी. त्यांच्या पिनकोडमध्ये जी युक्ती आहे, तीच इंटरनेटच्या पत्त्यांतही आहे.

पुण्यातील सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० घेऊ. पहिला ४ हा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्यात येतात. पहिले तीन अंक ४११ म्हणजे पुणे. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय सांगतात. चेन्नईत पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याला सदाशिव पेठ कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. त्याने ४११ पाहून पत्र पुण्याच्या थैलीत टाकले, की त्याचे काम संपते. पेठेचा हिशेब पुण्यात होतो. पुण्यात उद्या नवे टपाल कार्यालय उघडले, तरी चेन्नईतल्या थैल्या बदलाव्या लागत नाहीत.

एका मोठ्या गटाचे लहान तुकडे पाडणे म्हणजे सबनेटिंग. अनेक लहान तुकड्यांची ओळख बाहेरच्यांना एकाच गटाच्या नावाने करून देणे म्हणजे रूट समरायझेशन. पहिले काम आतल्या व्यवस्थेसाठी, दुसरे बाहेरच्या सोयीसाठी. फरक एवढाच की, पिनकोड ठरावीक अंकांवरच कापता येतो. आयपी पत्ता ३२ पैकी कोणत्याही बिटावर कापता येतो.

जुनी पद्धत का मोडीत निघाली?

पूर्वी पत्ते तीन ठरावीक मापांत वाटले जात. ‘ए’ वर्गात प्रत्येकी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते, ‘बी’ वर्गात ६५,५३६ आणि ‘सी’ वर्गात अवघे २५६. ज्या संस्थेला ५०० पत्ते हवेत, तिला ‘सी’ अपुरा पडे. ती ‘बी’ मागे आणि ६५ हजार पत्ते अडवून बसे. दुसरा मार्ग म्हणजे ‘सी’ वर्गाचे अनेक गट देणे. पण प्रत्येक गटासाठी जगभरच्या मोठ्या राउटरांत एक वेगळी नोंद करावी लागे. म्हणजे एकीकडे पत्ते वाया जात होते आणि दुसरीकडे नोंदी वाढत होत्या.

त्यावर १९९३ मध्ये ‘सीआयडीआर’ ही वर्गविरहित पद्धत आली. इंग्रजीत तिचा उच्चार ‘सायडर’ असा करतात. पत्ता कोणत्याही बिटावर कापण्याची मुभा आणि स्लॅशची खूण तिच्यातूनच रूढ झाली. ज्याला ५०० पत्ते हवेत, त्याला /२३ द्यायचा आणि तो जगाला एकाच नोंदीत दाखवायचा.

तरीही पत्ते संपायचे ते संपलेच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी ‘आयाना’ या जागतिक यंत्रणेने आपल्याकडचे शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक संस्थांना वाटून टाकले. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो, त्याच्या ‘एपनिक’ या संस्थेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शेवटच्या गटाला हात घातला आणि वाटपावर कडक मर्यादा आणल्या. पण पद्धत बदलली नसती, तर ही वेळ फार आधी आली असती.

सबनेटिंग प्रत्यक्षात कसे करतात?

समजा, एका महाविद्यालयाला २०३.०.११३.०/२४ हा गट मिळाला आहे. (हा गट उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, तो कोणा संस्थेचा नाही.) संगणक प्रयोगशाळेत १०० यंत्रे आहेत, ग्रंथालयात ५०, कार्यालयात २५.

सर्वात मोठी गरज आधी भागवायची, हा पहिला नियम. १०० यंत्रांसाठी १२८ चा तुकडा हवा, म्हणजे /२५. तो ० ते १२७ पर्यंत जातो. ग्रंथालयाच्या ५० यंत्रांना ६४ चा तुकडा, म्हणजे /२६. तो १२८ ते १९१. कार्यालयाच्या २५ यंत्रांना ३२ चा तुकडा, म्हणजे /२७. तो १९२ ते २२३. शेवटचे २२४ ते २५५ हे ३२ पत्ते पुढच्या गरजेसाठी शिल्लक राहतात.

प्रत्येक तुकड्यातील पहिला पत्ता नेटवर्कच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम निरोप देण्यासाठी राखीव असतो. त्यामुळे १२८ मधले १२६, ६४ मधले ६२ आणि ३२ मधले ३० पत्तेच यंत्रांना देता येतात. त्यातलाही एक राउटरला लागतो. म्हणूनच ३० यंत्रांच्या खोलीला /२७ दिला, की एक यंत्र हमखास पत्त्याविना राहते.

आता २०३.०.११३.१५० हा पत्ता कोणाचा? १५० ही संख्या १२८ आणि १९१ यांच्या मध्ये आहे, म्हणजे तो ग्रंथालयाचा. राउटर हेच बिटांत पाहतो. १५० म्हणजे १००१०११०. त्याचे पहिले दोन बिट १० ठेवून बाकीचे शून्य केले, की १०००००००, म्हणजेच १२८ मिळतो. मास्कचे काम एवढेच असते. तो उजवीकडचे बिट झाकतो आणि डावीकडे उरलेल्या बिटांवरून नेटवर्क ओळखता येते.

पण तुकडे पाडायचेच कशाला?

पहिले कारण गोंगाट. एका नेटवर्कमधली यंत्रे सतत ‘हा पत्ता कोणाचा?’ असे सर्वांना उद्देशून विचारत असतात. यंत्रे शेकड्यांनी वाढली, की हे प्रश्नच वाट अडवू लागतात. तुकडे केले, की आवाज त्या त्या खोलीत राहतो.

दुसरे कारण सुरक्षा. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे तर राउटर किंवा फायरवॉल ओलांडावी लागते आणि तिथे पहारा बसवता येतो. शुल्क भरण्याची यंत्रणा, सीसीटीव्ही कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय एकाच नेटवर्कवर असतील, तर एका स्वस्त कॅमेऱ्यातल्या त्रुटीतून हिशेबाच्या संगणकापर्यंत वाट तयार होते. घरच्या राउटरमधला ‘गेस्ट नेटवर्क’ हा पर्यायही बहुधा असा वेगळा तुकडाच असतो.

तिसरे कारण दुरुस्तीचे. बिघाड एका तुकड्यात झाला, तर शोधही त्याच तुकड्यात घ्यायचा.

मग रूट समरायझेशन कशासाठी?

महाविद्यालयाने आत तीन तुकडे पाडले, पण बाहेरच्या इंटरनेट पुरवठादाराला त्याच्याशी देणेघेणे नाही. त्याने ‘२०३.०.११३.०/२४ हवे असेल, तर या महाविद्यालयाकडे पाठवा’ एवढी एक नोंद ठेवली, की पुरे. ग्रंथालयाची तार उंदराने कुरतडली, तरी ती बातमी जगाला कळवावी लागत नाही. बाहेरच्या राउटरांचे राउटिंग टेबल आटोपशीर राहते आणि आतल्या चढउतारांचे धक्के बाहेर पोहोचत नाहीत.

यूट्यूबचेच खरे उदाहरण घेऊ. २००८ मध्ये त्याच्याकडे २०८.६५.१५२ ते २०८.६५.१५५ असे २५६-२५६ पत्त्यांचे चार सलग गट होते. त्यांचे तिसरे आकडे बिटांत मांडले, तर असे दिसतात :

१५२ = १००११०००
१५३ = १००११००१
१५४ = १००११०१०
१५५ = १००११०११

चौघांचेही पहिले सहा बिट सारखेच आहेत, १००११०. बदलतात ते शेवटचे दोन. त्याआधीच्या २०८ आणि ६५ या आकड्यांचे १६ बिट सारखे आहेतच. सोळा अधिक सहा बावीस. म्हणून चार नोंदींऐवजी एकच नोंद पुरते : २०८.६५.१५२.०/२२. यूट्यूब जगाला हीच एक नोंद सांगत होते.

कोणतेही चार सलग गट जोडता येतात का?

नाही. इथे परीक्षेतले विद्यार्थी फसतात आणि कधीकधी नोकरीतले अभियंतेही. १५३ ते १५६ हेसुद्धा चार सलग आकडे आहेत. पण १५६ म्हणजे १००१११००. त्याचा सहावा बिट वेगळा आहे, त्यामुळे चौघांत सारखे बिट पाचच उरतात. त्यांना एका नोंदीत बसवायचे तर /२१ वापरावा लागेल आणि त्यात १५२ ते १५९ असे आठ गट येतील. म्हणजे जे चार गट आपले नाहीत, त्यांचीही वाहतूक आपण आपल्या दारात बोलावली.

लक्षात ठेवायला सोपा नियम असा : चार गट जोडायचे तर पहिल्या आकड्याला चारने नि:शेष भाग जायला हवा, आठ जोडायचे तर आठने. १५२ ला चारने भाग जातो, १५३ ला जात नाही.

दोन नोंदी जुळल्या, तर राउटर कोणाचे ऐकतो?

एकाच पत्त्याला लागू होणाऱ्या अनेक नोंदी राउटिंग टेबलमध्ये असू शकतात. अशा वेळी नियम एकच. ज्या नोंदीत स्लॅशनंतरचा आकडा सर्वात मोठा, म्हणजे जी सर्वात नेमकी, ती जिंकते. याला ‘लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच’ म्हणतात. स्वारगेटला निघालेल्या चालकाला महामार्गावर ‘पुणे’ आणि ‘स्वारगेट’ अशा दोन पाट्या वेगवेगळ्या दिशांना दिसल्या, तर तो ‘स्वारगेट’च्या पाटीमागे जाईल. राउटरही तेच करतो.

हा नियम अत्यंत उपयोगी आहे. मोठ्या गटाची एक नोंद ठेवून त्यातल्या एखाद्या तुकड्याला वेगळी वाट देता येते, ती याच नियमामुळे. पण पाटी कोणी लावली, ती खरी आहे का, हे हा नियम विचारत नाही.

त्या रात्री नेमके काय घडले?

फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाने यूट्यूबवर बंदीचा आदेश काढला. त्यानुसार पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ ही नोंद आपल्या राउटरांत घातली आणि त्या पत्त्याकडे जाणारी पाकिटे कुठेच न पोहोचवता टाकून देण्याची व्यवस्था केली. यूट्यूबची वेबसाइट याच २५६ पत्त्यांच्या गटात होती. इथवर गोष्ट देशापुरती होती.

मोठी नेटवर्क एकमेकांना ‘या पत्त्यांपर्यंत माझ्यामार्गे जाता येते’ असे ‘बीजीपी’ नावाच्या पद्धतीने कळवत असतात. देशापुरती ठेवायची ती नोंद पाकिस्तान टेलिकॉमकडून बाहेर गेली आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या मोठ्या पुरवठादाराकडे पोहोचली. त्या कंपनीने ती न तपासता पुढे पाठवली. काही मिनिटांत जगभरचे राउटर पाहू लागले की, यूट्यूबच्या पत्त्यासाठी दोन नोंदी आहेत. खरी /२२ ची आणि चुकीची /२४ ची. नियमानुसार /२४ जिंकली. जगाची यूट्यूबकडे जाणारी वाहतूक पाकिस्तानकडे वळली आणि तिथे संपली.

भारतीय वेळेनुसार तेव्हा २५ फेब्रुवारी उजाडला होता. मध्यरात्री १२ वाजून १७ मिनिटांनी ही चुकीची नोंद बाहेर पडली. १ वाजून ३७ मिनिटांनी यूट्यूबनेही २०८.६५.१५३.०/२४ जाहीर केली. आता दोन्ही नोंदी सारख्याच नेमक्या होत्या. अशा बरोबरीत राउटर इतर निकष लावतो, त्यात कोणाची वाट कमी टप्प्यांची हा प्रमुख. त्यामुळे जगाचा काही भाग यूट्यूबकडे परतला, काही पाकिस्तानकडेच राहिला. १ वाजून ४८ मिनिटांनी यूट्यूबने पुढची खेळी केली. त्याने त्या गटाचे आणखी दोन तुकडे करून २०८.६५.१५३.०/२५ आणि २०८.६५.१५३.१२८/२५ अशा दोन नोंदी जाहीर केल्या. पंचवीस हा चोवीसपेक्षा नेमका. ज्या राउटरांपर्यंत या नोंदी पोहोचल्या, ते यूट्यूबकडे वळले. अखेर २ वाजून ३१ मिनिटांनी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमकडून आलेल्या नोंदी मागे घेतल्या आणि प्रकरण मिटले.

विद्यार्थी वहीत जे तुकडे पाडतात, तेच त्या रात्री बंदीचे हत्यार ठरले आणि सुटकेचेही.

मग प्रत्येकाने आधीच लहान तुकडे जाहीर का करू नयेत?

कारण त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. आपल्या /२२ चे चार /२४ करून जाहीर केले, तर आपण थोडे सुरक्षित होतो, पण जगातील प्रत्येक मोठ्या राउटरला एकाऐवजी चार नोंदी लक्षात ठेवाव्या लागतात. आणि राउटरची ही वेगवान मेमरी महागही असते आणि मर्यादितही.

याचा प्रत्यय १२ ऑगस्ट २०१४ रोजी आला. अमेरिकेतील व्हेरायझन कंपनीच्या नेटवर्कमधून एरवी एकत्र जाहीर होणाऱ्या गटांचे सुमारे १५ हजार लहान तुकडे अचानक बाहेर पडले. जगाचे राउटिंग टेबल तेव्हा ५ लाखांपलीकडे गेलेच होते. या भराने अनेक ठिकाणी ते ५ लाख १२ हजारांच्या वर गेले. काही जुन्या राउटरांत आयपीव्ही४च्या नोंदींसाठी मूळ मांडणीनुसार एवढीच जागा राखलेली होती. ती भरताच ते मंदावले किंवा नव्या नोंदी टाकून देऊ लागले आणि अनेक ठिकाणी सेवा खंडित झाल्या. तंत्रज्ञांमध्ये तो दिवस ‘५१२ के डे’ म्हणून ओळखला जातो. व्हेरायझनचे तुकडे थोड्याच वेळात मागे घेतले गेले, पण टेबल वाढायचे थांबलेले नाही. आज आयपीव्ही४ च्या नोंदी दहा लाखांच्या आसपास आहेत.

टेबल आवरण्यासाठी बहुतेक मोठी नेटवर्क /२४ पेक्षा लहान तुकडा स्वीकारतच नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे एकच /२४ आहे, त्याला यूट्यूबसारखी /२५ ची खेळी आज फारशी उपयोगी पडणार नाही.

यावर उपाय कोणते?

पहिला उपाय जुना आणि साधा आहे. ग्राहक नेटवर्ककडून आलेली प्रत्येक नोंद पुरवठादाराने तपासायची. जे पत्ते त्या ग्राहकाचे नाहीत, ते पुढे पाठवायचे नाहीत. २००८ मध्ये एवढी एक गाळणी असती, तर बंदी पाकिस्तानच्या हद्दीतच राहिली असती.

दुसरा उपाय ‘आरपीकेआय’ या डिजिटल प्रमाणपत्रांच्या पद्धतीचा. पत्त्यांचा मालक आपल्या प्रादेशिक संस्थेमार्फत सही केलेली नोंद ठेवतो. हा गट कोणत्या नेटवर्कने जाहीर करायचा आणि त्याचे जास्तीत जास्त कितव्या स्लॅशपर्यंत तुकडे चालतील, हे त्यात लिहिलेले असते. ही व्यवस्था तेव्हा असती, तर पाकिस्तानातून आलेली /२४ ची नोंद तपासणाऱ्या राउटरांना अवैध दिसली असती. अर्थात यातही गणित चुकवून चालत नाही. मालकाने मर्यादा /२२ ठेवली, तर संकटात त्याने स्वत: जाहीर केलेली /२४ देखील अवैध ठरते. मर्यादा सैल ठेवली, तर मूळ नेटवर्कचा क्रमांक खोटा लावणाऱ्याला वाव मिळतो. शिवाय तपासणी न करणाऱ्या नेटवर्कसाठी ही सही असून नसल्यासारखीच.

भारतात पत्त्यांच्या वाटपाचे काम ‘निक्सी’ या संस्थेअंतर्गत ‘आयआरआयएनएन’ पाहते. ज्या महाविद्यालयांकडे, बँकांकडे किंवा केबल इंटरनेट पुरवठादारांकडे स्वत:चे पत्ते आहेत, त्यांनी आपली सही केलेली नोंद आहे का आणि मर्यादा किती ठेवली आहे, हे पाहून घेणे त्यांच्याच हिताचे.

आपल्या फोनशी याचा काय संबंध?

घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनमध्ये सेटिंग्ज उघडून त्या नेटवर्कचा तपशील पाहा. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसण्याची शक्यता मोठी. हे गट खासगी वापरासाठी राखीव आहेत. लाखो घरांत तेच पत्ते असतात आणि ते घराबाहेर जात नाहीत. शेजारी सबनेट मास्क दिसेल, बहुतेक २५५.२५५.२५५.०, म्हणजेच /२४. फोन प्रत्येक पाकीट पाठवण्यापूर्वी या मास्कने एकच प्रश्न सोडवतो, ‘समोरचा पत्ता घरातला की बाहेरचा?’ घरातल्या टीव्हीचा असेल, तर थेट देतो. बाहेरचा असेल, तर राउटरकडे सोपवतो. मास्क चुकीचा भरला, की एकाच खोलीतला प्रिंटर ‘सापडत नाही’ म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा हेच गणित असते.

मोबाइल डेटावर आता मोठ्या प्रमाणात १२८ बिटांचा आयपीव्ही६ वापरला जातो आणि त्याच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे. तिथे पत्त्यांची टंचाई नाही. एखाद्या संस्थेला /४८ मिळाला, तर त्यात /६४ चे ६५,५३६ सबनेट होतात. वर्गात उरलेल्या ३२ पत्त्यांसाठी घासाघीस करण्याची गरज उरत नाही. पण नेमक्या नोंदीने जिंकायचा नियम तिथेही तोच आहे, राउटरची मेमरी तिथेही मर्यादितच आहे आणि शेजारच्या नेटवर्कने सांगितलेली वाट तपासून घ्यावी लागते, ती तिथेही. पत्ते वाढले, म्हणून गाळणी लावण्याचे काम कमी झालेले नाही.